शिट्टीची भाषा

(फुटबॉलचा सामना पाहताना आपले लक्ष चेंडूकडे आणि गोल करणाऱ्या खेळाडूंकडे असते. ज्यांच्यामुळे तो खेळ नीट चालतो, त्या पंचांकडे आपण क्वचितच पाहतो. शालेय सामन्यातील पंच कोणते काम करतात, त्यांच्या खुणांचा अर्थ काय असतो आणि त्यांचा निर्णय मानणे का आवश्यक आहे, हे या पाठात सांगितले आहे.)

नाशिकजवळचे देवळाली कॅम्प हे छावणीचे गाव आहे. ब्रिटिशांच्या काळात येथे सैन्याची छावणी वसली. भारतीय सैन्याच्या तोफखान्याचे विद्यालय आजही येथे आहे. छावणी म्हटली की मैदान आले आणि मैदान म्हटले की फुटबॉल आला. हा खेळ भारतात ब्रिटिश सैनिकांबरोबरच आला. १८८८ साली सिमल्याला ड्युरँड चषक स्पर्धा सुरू झाली आणि १८९१ साली मुंबईत रोव्हर्स चषक स्पर्धा सुरू झाली. सुरुवातीला या स्पर्धांत गोऱ्या सैनिकांच्या पलटणीच वर्चस्व गाजवत.

आज शाळाशाळांतून हा खेळ खेळला जातो. समजा, पावसाळ्याचे दिवस आहेत आणि देवळाली कॅम्पच्या एखाद्या मैदानावर दोन शाळांचा सामना चालू आहे. खेळणाऱ्या मुलांत कोणाच्या घरी मराठी बोलतात, कोणाच्या घरी उर्दू, तर कोणाच्या घरी सिंधी किंवा गुजराती. जवानांची मुले असतील, तर पंजाबी आणि तमिळही कानांवर पडेल. प्रत्येक जण आपापल्या भाषेत ओरडत आहे. इतक्यात शिट्टी वाजते आणि बावीसच्या बावीस खेळाडू जागच्या जागी थांबतात. शिट्टीचा अर्थ कोणाला विचारावा लागत नाही. ती सर्वांची भाषा आहे.

ही शिट्टी वाजवणारे पंच पूर्वी मैदानात नसत. १८६३ साली इंग्लंडमध्ये फुटबॉलचे नियम एकत्र लिहिले गेले. त्यांत पंचांचा उल्लेखच नव्हता. वाद झाला, तर दोन्ही कर्णधारांनी आपसात मिटवावा, असे मानले जाई. पण खेळ वाढला, चुरस वाढली आणि वादही वाढले. मग प्रत्येक संघ आपला एक पंच आणू लागला. हे दोन पंच आपापल्या संघाची बाजू घेत. त्यांचे एकमत झाले नाही, तर मैदानाबाहेर उभ्या असलेल्या तिसऱ्या माणसाकडे वाद सोपवला जाई. ज्याच्याकडे वाद सोपवायचा, तो ‘रेफरी’. १८९१ साली या तिसऱ्या माणसाला मैदानाच्या आत आणले आणि सर्व निर्णय त्याच्याकडे सोपवले. पहिले दोघे रेषेवर गेले. त्यांना पुढे लाइन्समन म्हणू लागले. आता त्यांना सहायक पंच म्हणतात.

मुख्य पंचांच्या हातात शिट्टी असते आणि सहायक पंचांच्या हातात झेंडा असतो. मुख्य पंच साधारणपणे मैदानाच्या एका कोपऱ्याकडून समोरच्या कोपऱ्याकडे तिरके धावतात. दोन सहायक पंच समोरासमोरच्या रेषांवर, मैदानाचा अर्धा अर्धा भाग सांभाळतात. यामुळे चेंडू नेहमी मुख्य पंच आणि एक सहायक पंच यांच्यामध्ये राहतो आणि खेळाकडे दोन बाजूंनी नजर ठेवता येते. ही पद्धत सर स्टॅन्ली राऊस यांनी रूढ केली. ते मूळचे शिक्षक होते. १९३८ साली त्यांनीच फुटबॉलचे नियम नव्याने सुटसुटीत लिहून काढले. त्या नियमांची संख्या सतरा होती. ती आजही सतराच आहे.

पंचांचे काम शिट्टी वाजण्याच्या आधीच सुरू होते. ते मैदानावर फेरी मारतात. गोलचे खांब घट्ट आहेत का, जाळी कोठे फाटली आहे का, मैदानात खड्डा, दगड किंवा काच आहे का, हे ते पाहतात. गोलचा खांब मुलाच्या अंगावर पडला, तर प्राणाशी गाठ पडते. म्हणून ही तपासणी महत्त्वाची असते. मैदानात फार पाणी साचले असेल किंवा विजा चमकत असतील, तर सामना थांबवण्याचा अधिकार पंचांना असतो. त्यानंतर ते खेळाडूंकडे वळतात. नडगीचे रक्षण करणारे शिनगार्ड प्रत्येकाने घातलेच पाहिजे. अंगठी, कडे, साखळी, गळ्यातला ताईत, कानातले असे काहीही अंगावर चालत नाही. त्यावर चिकटपट्टी लावली, तरीही चालत नाही. हा नियम कोणाचा अपमान करण्यासाठी केलेला नाही. धावताना एखाद्याचे बोट साखळीत अडकले, तर दोघांनाही इजा होते.

डोक्यावर बांधलेल्या स्कार्फविषयी मुली नेहमी विचारतात. २०१४ साली फुटबॉलचे नियम ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय मंडळाने डोके झाकून खेळायला परवानगी दिली. ही परवानगी मुलींच्या स्कार्फला आहे, तशीच शीख खेळाडूंच्या पटक्यालाही आहे. स्कार्फ डोक्याला घट्ट बसणारा असावा, त्याचा रंग काळा किंवा शर्टाच्या रंगासारखा असावा, तो शर्टाला जोडलेला नसावा आणि त्यात टाचण्या नसाव्यात, अशा अटी आहेत. २०२३ साली मोरोक्कोची नौहैला बेनझिना ही महिलांच्या विश्वचषकात हिजाब घालून खेळणारी पहिली खेळाडू ठरली. नियम नीट माहीत असलेले पंच अशा मुलीला मैदानाबाहेर बसवत नाहीत. नियम जसे अडवतात, तसे दारही उघडतात.

आता सामना सुरू झाला आहे, असे समजा. पंचांच्या काही खुणा ओळखू या. चेंडू संपूर्णपणे रेषेच्या पलीकडे गेला, तरच तो बाहेर गेला असे धरतात. गोललाही हाच नियम लागू आहे. चेंडूचा थोडासा भाग जरी रेषेवर असला, तरी गोल होत नाही. फाउल झाल्यावर पंच शिट्टी वाजवतात आणि फ्री किक कोणत्या दिशेला आहे, ते हाताने दाखवतात. त्या वेळी त्यांनी एक हात सरळ वर धरून ठेवला असेल, तर त्या फ्री किकवरून थेट गोल करता येत नाही. चेंडू आधी दुसऱ्या कोणत्या तरी खेळाडूला लागावा लागतो. पंचांनी पेनल्टीच्या ठिपक्याकडे बोट केले, तर पेनल्टी दिली आहे असे समजावे.

कधी कधी फाउल होतो, पण पंच शिट्टी वाजवत नाहीत. ते दोन्ही हात पुढे करतात आणि खेळ चालू ठेवतात. प्रेक्षक ओरडतात, “पंचांना दिसत नाही का?” खरे तर पंचांना सारे दिसलेले असते. ज्याला धक्का लागला, त्याच्याच संघाकडे चेंडू असेल आणि गोलची संधी असेल, तर खेळ थांबवल्याने त्याच संघाचे नुकसान होईल. न थांबवण्यातच त्यांचा फायदा असतो. शिट्टी केव्हा वाजवायची हे कळणे सोपे आहे. केव्हा वाजवायची नाही, हे कळायला अनुभव लागतो.

सर्वांत जास्त भांडणे ऑफसाइडवरून होतात. तो नियम असा आहे. आपला जोडीदार चेंडू पुढे मारतो, त्या क्षणी आपण प्रतिस्पर्ध्यांच्या अर्ध्या भागात आहोत, चेंडूच्याही पुढे आहोत आणि प्रतिस्पर्ध्यांच्या शेवटून दुसऱ्या खेळाडूच्याही पुढे आहोत, तर आपण ऑफसाइडच्या जागी असतो. तेथून आपण खेळात भाग घेतला, तर तो गुन्हा धरतात. यात ‘त्या क्षणी’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. चेंडू आपल्यापर्यंत पोहोचतो, तोवर बचाव करणारे खेळाडू मागेपुढे झालेले असतात. प्रेक्षक चेंडू पोहोचल्यावर पाहतात, तर सहायक पंच चेंडू मारला गेला तो क्षण पाहतात. म्हणूनच ते शेवटून दुसऱ्या बचावपटूच्या रेषेत राहून सतत पुढेमागे धावत असतात. थ्रो-इन, गोल किक आणि कॉर्नर किक यांवरून चेंडू थेट मिळाला, तर ऑफसाइड होत नाही.

खेळाडू धोकादायक किंवा असभ्य वागला, तर पंच कार्ड दाखवतात. पिवळे कार्ड म्हणजे ताकीद. लाल कार्ड म्हणजे मैदानाबाहेर जाण्याची आज्ञा. एकाच सामन्यात दोनदा पिवळे कार्ड मिळाले, तरी बाहेर जावे लागते. बाहेर गेलेल्या खेळाडूच्या जागी दुसरा घेता येत नाही. एकाच्या रागाची किंमत साऱ्या संघाला मोजावी लागते.

ही कार्डे कशी आली, ती हकिकत मोठी बोधप्रद आहे. १९६६ साली इंग्लंडमध्ये विश्वचषकाच्या उपउपांत्य फेरीत इंग्लंड आणि अर्जेंटिना यांचा सामना झाला. पंच जर्मन होते. त्यांनी अर्जेंटिनाचा कर्णधार रातीन याला बाहेर जायला सांगितले. पंचांना स्पॅनिश येत नव्हते आणि रातीनला जर्मन येत नव्हते. रातीन जाईना. तो दुभाषा मागू लागला. बराच वेळ खेळ खोळंबला. इंग्लंडच्या दोन खेळाडूंना तर आपल्याला ताकीद मिळाली होती, हे दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रावरून कळले. त्या स्पर्धेतील पंचांचे प्रमुख केन ॲस्टन या घटनेने विचारात पडले. ते मोटार चालवत असताना रस्त्यावरचे दिवे पिवळे होऊन लाल झाले. पिवळा म्हणजे जपून, लाल म्हणजे थांबा! त्यांना युक्ती सुचली. १९७० साली मेक्सिकोमधील विश्वचषकात ही कार्डे प्रथम वापरली गेली. आता कोणत्याही देशातील मुलाला ती वाचता येतात. केन ॲस्टन हेही राऊस यांच्यासारखे शिक्षकच होते. योगायोग असा, की हे दोघेही तरुणपणी युद्धकाळात तोफखान्यात सैनिक होते. देवळालीच्या मुलांना ही गोष्ट आवडावी.

मोठ्यांच्या सामन्यातले आणि शालेय सामन्यातले पंच यांच्यात एक फरक आहे. मोठे खेळाडू नियम जाणून असतात. मुले अजून शिकत असतात. म्हणून लहान मुलांसाठी मैदान लहान, चेंडू हलका आणि खेळाचा वेळ कमी ठेवायला नियमांतच मुभा आहे. काही ठिकाणी मुलांच्या सामन्यात पिवळे कार्ड मिळालेल्या खेळाडूला थोडा वेळ बाहेर बसवतात. ६० मिनिटांच्या सामन्यात ही वेळ १० टक्के, म्हणजे ६ मिनिटे ठेवता येते. तेवढ्या वेळात राग निवळतो आणि मूल पुन्हा खेळायला येते. चांगले पंच मुलाला फक्त शिक्षा करत नाहीत. “पाय वर उचलू नकोस, त्याच्या छातीला लागेल,” असे दोन शब्दांत सांगतात. डोक्याला मार लागलेला दिसला, तर ते खेळ लगेच थांबवतात. गोल हुकला तर पुन्हा करता येतो, पण मुलाचे डोके पुन्हा आणता येत नाही.

पंचांचा सर्वांत मोठा गुण म्हणजे निःपक्षपातीपणा. प्रेमचंदांची ‘पंच परमेश्वर’ ही कथा तुमच्यापैकी काहींना माहीत असेल. अलगू चौधरी आणि जुम्मन शेख हे जिवलग मित्र. पण पंचाच्या आसनावर बसल्यावर अलगू मित्राविरुद्ध निर्णय देतो. पुढे जुम्मनवर पंच होण्याची पाळी येते, तेव्हा तोही मनातले वैर विसरून अलगूला न्याय देतो. मैदानावरच्या पंचांनाही हेच करावे लागते. आपल्या ओळखीचा मुलगा खेळत असला, तरी शिट्टीला नाते नसते. इंग्रजांच्या राज्यात मोठ्या सामन्यांचे पंच बहुधा इंग्रजच असत. १९४० साली दिल्लीत ड्युरँड चषकाच्या अंतिम सामन्यात कोलकात्याच्या मोहमेडन स्पोर्टिंग संघाने एका ब्रिटिश पलटणीला २-१ असे हरवले. त्या सामन्याचे पंच कॅप्टन हरनामसिंग हे भारतीय होते. दोन्ही बाजूंना न्याय देण्याचे काम आपला माणूसही करू शकतो, हे त्या दिवशी सर्वांनी पाहिले.

पंच चुकत नाहीत का? चुकतात. तेही माणूसच आहेत. मोठ्या सामन्यांत आता चित्रफीत पाहून निर्णय तपासतात. विश्वचषकात ही सोय प्रथम २०१८ साली वापरली गेली. शाळेच्या मैदानावर अशी सोय नसते. तेथे दोन डोळे, दोन पाय आणि क्षणभराचा वेळ एवढेच पंचांजवळ असते. म्हणून नियम सांगतो, की खेळात काय घडले याविषयी पंचांचा निर्णय अखेरचा असतो. तो नेहमी बरोबरच असतो, असा याचा अर्थ नाही. कोणाचा तरी शब्द अखेरचा मानल्याशिवाय खेळ पुढे जाऊच शकत नाही, असा याचा अर्थ आहे.

हे न मानल्याने काय घडते, याचे एक दुःखद उदाहरण आहे. २०१२ च्या डिसेंबर महिन्यात नेदरलँड्समधील अल्मेरे या शहरात मुलांचा सामना होता. एका खेळाडूचे वडील हौसेने सहायक पंच म्हणून रेषेवर उभे होते. सामना संपल्यावर दुसऱ्या संघातील काही मुलांनी त्यांना मारहाण केली. दुसऱ्या दिवशी त्यांचा मृत्यू झाला. पुढच्या शनिवारी-रविवारी साऱ्या देशात हौशी फुटबॉलचे सामने बंद ठेवण्यात आले. इंग्लंडमध्ये २०२३ साली हौशी सामन्यांच्या काही पंचांना छातीवर छोटा कॅमेरा लावून पाहण्यात आले. त्यांना होणारी शिवीगाळ आणि दमदाटी थांबावी, हा त्यामागचा हेतू होता. शिव्या खाण्यासाठी कोण पंच होईल? आणि पंचच मिळाले नाहीत, तर सामने कसे होतील?

म्हणून शंका विचारण्याचीही एक रीत आहे. २०२४ साली जर्मनीत झालेल्या युरोपीय स्पर्धेत पंचांशी निर्णयाविषयी बोलण्याची मुभा फक्त कर्णधाराला देण्यात आली. शाळेच्या संघांनीही ही रीत पाळावी. कर्णधाराने शांतपणे विचारावे आणि उत्तर मिळताच आपल्या जागी परतावे. मैदानाबाहेरच्या पालकांनी आणि मित्रांनी टाळ्या वाजवाव्यात, निर्णय देऊ नयेत.

तुमच्यापैकी प्रत्येकजण संघात निवडला जाणार नाही. पण खेळाची आवड असेल, तर पंच होण्याचा मार्ग मोकळा आहे. सतरा नियम वाचा. शाळेतील सरावाच्या सामन्यात झेंडा हातात घ्या. रोज धावण्याचा सराव करा. मोठ्या सामन्यात पंचांना दहा-बारा किलोमीटर अंतर धावावे लागते. पुढे फुटबॉल संघटनांच्या परीक्षा देता येतात. मुलींनाही हा मार्ग खुला आहे. गोव्याच्या उवेना फर्नांडिस यांनी २०१६ साली जॉर्डनमध्ये १७ वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकात सहायक पंच म्हणून काम केले. २०१७ साली भारतात १७ वर्षांखालील मुलांचा विश्वचषक झाला. त्यात कोलकात्याच्या एका सामन्यात स्वित्झर्लंडच्या एस्थर श्टाउब्ली मुख्य पंच होत्या. ‘फिफा’ या जागतिक संघटनेच्या पुरुषांच्या स्पर्धेत मुख्य पंच होणाऱ्या त्या पहिल्या महिला.

या पाठातील मैदान, ताकीद, हकिकत हे शब्द तुम्हाला घरचेच वाटतील. मराठी आणि उर्दू या दोन्ही भाषांनी ते आपलेसे केले आहेत. एकच शब्द दोन भाषांना जोडतो, तशी एकच शिट्टी दोन संघांना जोडते. ती ऐकून थांबणारी बावीस मुले आहेत, म्हणून तिच्यात बळ आहे.

शब्दार्थ

छावणी – सैन्याची राहण्याची जागा
चुरस – स्पर्धा, ईर्ष्या
नडगी – गुडघ्याखालचे पायाचे पुढचे हाड
मुभा – परवानगी
दुभाषा – एका भाषेतील बोलणे दुसऱ्या भाषेत सांगणारा
बोधप्रद – शिकवण देणारे
निःपक्षपातीपणा – कोणाचीही बाजू न घेणे
खोळंबणे – अडून राहणे
हौशी – पैशासाठी नव्हे, आवडीने करणारा

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) फुटबॉलचे एकूण नियम किती?
(आ) पिवळ्या व लाल कार्डांची कल्पना कोणाला सुचली?
(इ) सहायक पंचांच्या हातात काय असते?

२. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) सामन्यापूर्वी पंच कोणकोणत्या गोष्टी तपासतात?
(आ) फाउल होऊनही पंच कधी कधी शिट्टी का वाजवत नाहीत?
(इ) १९६६ च्या सामन्यात भाषेमुळे कोणत्या अडचणी आल्या?

३. कारणे लिहा.
(अ) एकाच्या रागाची किंमत साऱ्या संघाला मोजावी लागते.
(आ) पंचांचा निर्णय अखेरचा मानावा लागतो.

४. पुढील वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा.
बाजू घेणे, प्राणाशी गाठ पडणे, किंमत मोजणे, आपलेसे करणे.

५. पाठातील असे पाच शब्द शोधा, जे उर्दूतही वापरले जातात. त्यांचे दोन्ही भाषांतील अर्थ सारखेच आहेत का, ते पाहा.

६. तुमच्या शाळेत दोन वर्गांचा सामना आहे आणि तुम्ही पंच आहात. सामन्यापूर्वी दोन्ही कर्णधारांना तुम्ही काय सांगाल, ते पाच-सहा वाक्यांत लिहा.